एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवू नका

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

नमस्कार. आमचं घर सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. खालचा मजला १९९४ साली बांधला. गेल्या वर्षी वर दोन खोल्या चढवल्या. वरच्या बाथरूममध्ये ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर आणि बेडरूममध्ये दीड टनाचा एसी बसवला. वायरमनने दोन्हीची लाईन खालच्या जुन्या पॉवरच्या वायरवरूनच वर नेली. ती वायर ‘तीन-वीस’ची आहे, म्हणजे अडीचचीच (अडीच चौरस मिमी जाडीची), असं त्याचं म्हणणं. उन्हाळ्यात नातवंडं आली की गीझर आणि एसी एकदम चालतात. तेव्हा १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) कधी अर्ध्या तासाने, कधी उशिराने पडायचा. मग वायरमनने ३२ अँपिअरचा बसवला. आता एमसीबी पडत नाही, पण बाथरूमबाहेरचा बोर्ड गरम लागतो आणि मधूनच जळकट वास येतो.

दुसरं असं की घरापासून ७० मीटरवर गोठा आहे. तिथे २ एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी घेतली आणि तिला घरातून अडीचची वायर टाकली. सकाळी ती चालते, संध्याकाळी नुसती घुमते. मोटर एकदा जळून झाली.

आता सगळी वायरिंग नव्याने करायची आहे. वायरमन म्हणतो, सगळीकडे चारची टाका. मुलगा पुण्यात असतो, तो म्हणतो अडीच पुरते. दुकानदार म्हणतो, सहाची घ्या म्हणजे बघायलाच नको. अडीचची दोन बंडलं आधीच आणून ठेवली आहेत, दोन्ही लाल. कोणाचं ऐकू?

– एक वाचक, जि. सातारा

ताई, नमस्कार.

पुढचं सगळं सावकाश वाचा, पण त्याआधी एक काम करा. तो ३२ अँपिअरचा एमसीबी आजच्या आज काढायला लावा आणि त्या जागी पुन्हा १६ अँपिअरचा बसवून घ्या. नवी वायरिंग होईपर्यंत गीझर आणि एसी एकदम लावायचे नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बाथरूमबाहेरचा बोर्ड मेन बंद करून उघडायला सांगा आणि सॉकेटच्या मागे स्वतः बघा. वायर जिथे स्क्रूखाली जाते तिथलं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, वायरचं आवरण कडक होऊन तडकलं असेल, तर ते सॉकेट आणि वायरचं तेवढं टोक दोन्ही बदलायचं. वास येतो म्हणजे तिथलं आवरण जळायला लागलेलं आहे. यात उद्या-परवा करू नका.

आता कारण सांगतो, म्हणजे वायरमनशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी असेल.

एमसीबी गीझरसाठी नसतो, एसीसाठीही नसतो. तो भिंतीतल्या वायरसाठी असतो. गीझर बिघडला तर बदलता येतो, पण भिंतीत आणि स्लॅबमध्ये गाडलेली वायर तापली तर ती कोणाला दिसत नाही. म्हणून वायरला सोसेल त्यापेक्षा जास्त करंट वाहू लागला की लाईन तोडायची, एवढंच एमसीबीचं काम. तुमचा १६ चा एमसीबी पडत होता तेव्हा तो ते काम नीट करत होता.

हिशेब बघा. ३ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर घेतो. दीड टनाचा एसी चालू स्थितीत ७ ते ८ अँपिअर. दोन्ही मिळून २१. एमसीबीवर १६ लिहिलंय म्हणजे साडेसोळा झाले की लगेच पडतो, असं नसतं. मानकाप्रमाणे लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट करंटला तो तासभर तरी पडायचा नाही आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडलाच पाहिजे. १६ च्या एमसीबीसाठी हे आकडे १८ आणि २३ होतात. तुमचे २१ अँपिअर नेमके या दोहोंच्या मधले, म्हणून तो कधी अर्ध्या तासाने पडायचा, कधी उशिराने.

हेच ३२ च्या एमसीबीला लावा. ३६ अँपिअर वाहिले तरी तो तासभर हलणार नाही. ४६ अँपिअरला पडेल, पण त्यालाही तासापर्यंतची मुभा आहे. आणि त्याच्या खाली वायर कोणती, तर तीन-वीस. जुने वायरमन तिला सर्रास अडीचची म्हणतात, पण ती अडीचची नाही. २० गेजच्या तीन तारा, एकेका तारेचा व्यास ०.९१४ मिलिमीटर, तिन्हींचं क्षेत्रफळ मिळून २ चौरस मिमीच्या आत-बाहेर. तुमच्याकडच्या हवेत, पाइपात एकटी असेल तर ती १७-१८ अँपिअर आरामात नेईल. तिच्यातून ३६ गेले तर करंट दुप्पट, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे चौपट. आज तुमच्या घरात ३६ वाहत नाहीत, २१ वाहतात, म्हणून फक्त बोर्ड तापतोय. पण उद्या त्याच लाईनवर कोणी इस्त्री लावली, हीटर लावला, तर अडवणारं तिथे काहीच उरलेलं नाही.

म्हणून क्रम असा ठेवायचा: उपकरण किती करंट घेतं ते काढा, त्याच्या वरचा एमसीबी निवडा, आणि वायर अशी घ्या की तिची क्षमता एमसीबीच्या आकड्याहून कमी नसेल. एमसीबी वारंवार पडत असेल तर लाईनवरचा भार कमी करा किंवा वायर बदला. वायर न बदलता नुसता एमसीबी वाढवणं हे कुठल्याही घरात, कुठल्याही कारणासाठी करायचं नाही.

वायरची क्षमता किती धरायची यावरच तुमच्या तिघा सल्लागारांचं जमत नाहीये. आकडे देतो. तांब्याची, पीव्हीसी आवरणाची वायर, भिंतीवरच्या किंवा भिंतीतल्या पाइपातून नेलेली, पाइपात एकच सर्किट आणि भोवतालचं तापमान ४० अंश, असं धरलं तर दीडची वायर १५ अँपिअर नेते, अडीचची साधारण २०, चारची २७, सहाची ३५ आणि दहाची ४९. वायरच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या पत्रकात याहून थोडे कमी-जास्त आकडे दिसतील, कारण प्रत्येकाने धरलेलं तापमान आणि वायर टाकायची पद्धत वेगळी असते. पण कामाला हे पुरतात.

या आकड्यांवरून मुलाचं म्हणणं बरोबर ठरतं. १३ अँपिअरचा गीझर, १६ चा एमसीबी, २० नेणारी अडीचची वायर. सगळं नियमात बसतं. फक्त त्याने एक गोष्ट धरली नाही, ती म्हणजे वायर पाइपात एकटी नसते. आपल्याकडे स्लॅब भरताना खालून वर जाणारा एकच पाइप टाकलेला असतो आणि मग गीझर, एसी, वरचे दिवे-पंखे, सगळं त्यातूनच ओढलं जातं. वायरी एकमेकींना तापवतात आणि उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही. एका पाइपात दोन भरलेली सर्किटं असतील तर क्षमता ०.८ ने गुणायची, तीन असतील तर ०.७ ने. अडीचची वायर मग २० वरून १४ वर येते. वरचा मजला गच्चीखालचा असेल आणि मे महिन्यात स्लॅब तापून भोवतालचं तापमान ४५ अंशांवर गेलं, तर १३ च्या आसपासच राहते. तुमचा गीझर १३ अँपिअरचाच आहे. म्हणजे हातात काही शिल्लक नाही, आणि वर १६ चा एमसीबी बसवला तर तो वायरपेक्षा मोठा झाला.

वायरमन चारची म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात हेच असणार, भले त्याला ते आकड्यात सांगता आलं नसेल. तीन सर्किटं एका पाइपात गेली तरी चारची वायर १९ अँपिअर नेते. तेव्हा वर जाणारा पाइप एकच असेल आणि दुसरा टाकणं शक्य नसेल, तर गीझर आणि एसी दोघांनाही चारची. भिंतीला खाच मारून गीझरसाठी वेगळा पाइप नेता येत असेल, तर त्याला अडीचची चालेल. एसीला मात्र मी एरवीही चारचीच टाकतो. कंप्रेसर सुरू होताना तो क्षणभर चालू करंटच्या कितीतरी पट ओढतो, आणि आज दीड टनाचा असलेला एसी उद्या दोन टनाचा होतो, हेही घरोघरी बघितलंय. दोघांनाही १६ अँपिअरचे वेगवेगळे एमसीबी. एसीसाठी ‘सी’ प्रकारचा घ्या, तो सुरुवातीच्या झटक्याला पडत नाही. गीझरला ‘बी’ चालतो.

आणि हो, गीझरची लाईन डीबीपासून (सगळे एमसीबी बसवलेल्या पेटीपासून) गीझरपर्यंत सलग हवी. मध्ये कुठे बोर्डात लूप घेऊन तिच्यावर दुसरा सॉकेट काढायचा नाही. गीझरला प्लगऐवजी २० अँपिअरचा डीपी स्विच बसवला तर आणखी बरं, कारण तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो आणि प्लगच्या सैल पिना तापण्याचा प्रश्नच उरत नाही. बोर्ड तापण्याच्या तक्रारींत वायर जितक्या वेळा दोषी असते तितक्याच वेळा स्क्रू दोषी असतो. चारची वायर स्विचच्या भोकात बसत नाही म्हणून काही जण पाचसहा तारा पकडीने छाटून टाकतात आणि उरलेल्या कोंबतात. तेवढ्या अर्ध्या इंचात तुमची चारची वायर बारीक होऊन जाते आणि नेमकी तिथेच तापते. काम चालू असताना एकदा जवळ उभं राहून बघा. सगळ्या तारा पिळून, लग किंवा फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) चढवून, स्क्रू घट्ट आवळलेला पाहिजे.

दिवे-पंख्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दीडची वायर, एका सर्किटवर जास्तीत जास्त दहा पॉइंट किंवा ८०० वॅट, आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी. स्वयंपाकघरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटना अडीचची, एका सर्किटवर दोनपेक्षा जास्त सॉकेट नकोत. इंडक्शन शेगडी २ किलोवॅटची असली तर ९ अँपिअर घेते, तिला छोट्या प्लगच्या बोर्डात कन्व्हर्टर घालून लावू नका.

आता गोठा. तुमच्या पत्रातला खरा अवघड भाग हाच आहे, आणि इथे वायर तापण्याचा नियम एकटा पुरत नाही.

२ एचपीची सिंगल फेज मोटर चालू असताना ११-१२ अँपिअर घेते. अडीचची वायर २० नेते, तेव्हा ती तापणार नाही. वायरमननेही हेच बघून अडीचची टाकली असणार. पण वायर लांब झाली की वाटेतच व्होल्ट खाते. अडीचच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला जवळजवळ ८ ओहम असतो. ७० मीटर जायचं आणि ७० मीटर यायचं, म्हणजे १४० मीटरचा रोध १.१२ ओहम. १२ अँपिअरला त्यात साडेतेरा व्होल्ट पडतात. हे तसं चालून जातं.

चालत नाही ती सुरुवात. मोटर थांबलेल्या स्थितीतून उठताना चालू करंटच्या चार-पाच पट घेते, तुमच्या मोटरला ५० अँपिअर धरू. ५० गुणिले १.१२, म्हणजे ५६ व्होल्ट नुसत्या वायरमध्ये गेले. सकाळी घरात २३० व्होल्ट असतील तर मोटरला १७४ मिळतात. संध्याकाळी गावभर दिवे, टीव्ही, शेगड्या चालू होतात, गावच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) भार येतो आणि घरातच २०५ राहतात, तर मोटरच्या वाट्याला १४९ येतात. मोटरची उठण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. १७४ व्होल्टला पूर्ण ताकदीच्या ५७ टक्के, तेवढ्यावर ती कशीबशी उठते. १४९ ला ४२ टक्के, आणि तेवढ्यात कुट्टीचं जड चाक हलत नाही. व्होल्टेज पडलं की करंटही थोडा पडतो, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे, पण सकाळी चालते आणि संध्याकाळी घुमते याचं कारण हेच.

घुमत असताना मोटर तो उठण्याचा मोठा करंट ओढतच राहते. नेहमीच्या चौपटीहून जास्त करंट, म्हणजे वाइंडिंगमध्ये सतरा-अठरा पट उष्णता. तुमची पहिली मोटर अशीच गेली असणार. यापुढे मोटर घुमली की दोन-तीन सेकंदांत बटण बंद करा. आणि कुट्टीत वैरण घातलेली असताना सुरू करू नका. आधी मोकळी फिरू द्या, मग वैरण.

दुकानदाराचा सहाचा सल्ला इथे उपयोगी पडतो. सहाच्या वायरचा रोध किलोमीटरला ३.३ ओहम, तुमच्या अंतराला ०.४६. सुरू होताना ५६ ऐवजी २३ व्होल्ट पडतील. संध्याकाळच्या २०५ मधून मोटरला १८२ मिळतील आणि ताकद ६३ टक्क्यांवर जाईल. चारची टाकली तरी चालू मोटरच्या वेळी व्होल्टेजची घट पाच टक्क्यांच्या आत राहते, म्हणजे कागदावर ती पास होते. पण सुरुवातीला ३५ व्होल्ट खाते, आणि तुमची अडचण सुरुवातीचीच आहे. म्हणून सहा.

जाड वायरचं आणखी एक कारण आहे, ते सहसा कोणी सांगत नाही. गोठ्यात शॉर्ट सर्किट झालं तर एमसीबी झटक्यात पडण्यासाठी तेवढा मोठा करंट वायरमधून वाहायला हवा. ‘सी’ प्रकारचा २० अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडेल याची खात्री २०० अँपिअरला मिळते. ७० मीटर अडीचच्या वायरमधून, तुमच्या बाहेरच्या लाईनचा रोध काहीच नाही असं धरलं तरी, २०५ अँपिअरच्या वर वाहूच शकत नाहीत. प्रत्यक्षात २०० सुद्धा होणार नाहीत. म्हणजे तारा एकमेकींना चिकटून ठिणग्या उडतील, शेजारी कडबा रचलेला असेल आणि एमसीबी काही सेकंद विचार करत बसेल. सहाच्या वायरमध्ये हा प्रश्न राहत नाही.

मात्र घरातली साधी वायर जमिनीत पुरायची नाही, आणि खांबावरून झाडाला गुंडाळत न्यायची तर मुळीच नाही. गोठ्यासाठी आर्मर्ड केबल (आवरणात लोखंडी तारांचं चिलखत असलेली) घ्या. तांब्याची महाग वाटली तर ॲल्युमिनियमची दोन कोअरची १० चौरस मिमीची घ्या, तिचा रोध किलोमीटरला ३.०८ ओहम, म्हणजे तांब्याच्या सहाच्या तोडीस तोड. पाऊण मीटर खोल चर, खाली वाळू, वर वाळू, मग विटांची एक रांग आणि त्यावर माती. ट्रॅक्टर किंवा बैलगाडी जिथून जाते तिथे केबल जाड पाइपातून न्या. ॲल्युमिनियमची टोकं उघडी ठेवून थेट तांब्याच्या वायरला पिळायची नाहीत. दोन्ही धातू दमट हवेत एकमेकांना खातात आणि सांधा सैल होऊन तापतो. लग दाबून बसवा, तांब्याशी जोड असेल तिथे बायमेटलचा (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेला) लग. घरच्या डीबीत या लाईनला ‘सी’ प्रकारचा २० चा एमसीबी आणि मोटरजवळ ओव्हरलोड (मोटर जास्त करंट ओढत राहिली की ती बंद करणारी सोय) असलेला स्टार्टर.

ही केबल घेण्याआधी वायरमनला एक मोजमाप करायला लावा. घरातल्या बोर्डावर आणि गोठ्यातल्या सॉकेटवर, दोन्हीकडे संध्याकाळी मोटर सुरू करताना व्होल्टेज बघायचं आणि टाँग टेस्टरने करंट. घरातच मोटर बंद असताना २१६ च्या खाली दिसत असेल तर दोष तुमच्या वायरचा नाही. २३० च्या सहा टक्के खाली इतकीच घट नियमात बसते. महावितरणकडे लेखी तक्रार द्या आणि मोजलेले आकडे, तारीख, वेळ त्यात लिहा.

गोठ्याबद्दल आणखी एक, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतो. गाई-म्हशींना माणसापेक्षा कमी व्होल्टेजचा झटका घातक ठरतो. त्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असतात, पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असतं, आणि दावणीची साखळी लोखंडी असते. मोटरच्या बॉडीत थोडी गळती झाली तर माणूस “जरा मुंग्या आल्या” म्हणून हात काढतो, पण बांधलेलं जनावर जागेवर मरतं. त्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) हवाच, त्याला पर्याय नाही. गोठ्याजवळ स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा करा, आणि मोटरची बॉडी, गव्हाणीचा लोखंडी पाइप, खांब, हे सगळं त्या अर्थला जोडा. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबल्यावर पडला नाही तर तो बदलायचा. घरातल्या डीबीतही, विशेषतः गीझरसाठी, असाच आरसीसीबी बसवून घ्या.

अर्थची हिरवी वायर फेजच्याच जाडीची घ्या. चारची फेज असेल तर चारची अर्थ. “अर्थमधून काय करंट जातोय” म्हणून तिथे एकची वायर टाकायची पद्धत आहे, ती ऐकू नका. ज्या दिवशी तिच्यातून करंट जातो त्या दिवशी तो प्रचंड असतो, आणि तेवढा वेळ ती टिकली पाहिजे.

मीटरपासून डीबीपर्यंतची वायर मात्र कोणी तुम्हाला विचारलेलीच दिसत नाही. गीझर १३, एसी ८, कुट्टी १२, हेच ३३ झाले. वर फ्रीज, मिक्सर, पाण्याची मोटर, दिवे. सगळं एकदम लागलं तर चाळीसच्या पुढे जातं. १९९४ सालच्या मेनच्या वायरला हे झेपायचं नाही. मीटरपासून डीबीपर्यंत दहाची टाका, आणि महावितरणकडे अर्ज करून मंजूर भार वाढवून घ्या. थ्री फेज मिळत असेल तर घ्याच, म्हणजे गीझर, एसी आणि गोठा तीन वेगवेगळ्या फेजवर विभागता येतील आणि संध्याकाळी कुट्टी सुरू केली की घरातले दिवे मंद होणार नाहीत.

काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या. काम संपल्यावर, उपकरणं जोडण्याआधी, मेगर लावून इन्सुलेशन तपासायला सांगा. ५०० व्होल्टच्या मेगरवर किमान १ मेगओहम आलं पाहिजे, नवीन वायरिंगला त्याहून कितीतरी जास्त येतं. डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक एमसीबीसमोर लाईनचं नाव आणि वायरची जाडी लिहून चिकटवा. पुढच्या वेळी कोणी १६ च्या जागी ३२ बसवायला आला तर त्याला ते आधी वाचावं लागेल.

राहिली तुमची दोन लाल बंडलं. ती वाया जाणार नाहीत. आधी वायरवर छापलेलं बघा: २.५ चौरस मिमी, आयएसआयचा शिक्का आणि आयएस ६९४ हा क्रमांक. मग वजन करा. ९० मीटरच्या अडीचच्या बंडलात निव्वळ तांबंच दोन किलोच्या आसपास असतं, आवरण वेगळं. अख्खं बंडल दोन किलोच्या आत भरलं तर त्यात तांबं कमी आहे, परत करा. बरोबर भरलं तर स्वयंपाकघरातले सॉकेट, वरच्या खोल्यांतले पॉवर पॉइंट आणि गीझरला वेगळा पाइप मिळाला तर गीझरची लाईन, या सगळ्यांच्या फेजला ती वापरा. न्यूट्रलला आणि अर्थला मात्र तीच लाल वायर ओढू देऊ नका, मग बंडल उरलं तरी चालेल. न्यूट्रलसाठी काळं आणि अर्थसाठी हिरवं बंडल वेगळं आणा. एक लाल बंडल न फोडता तसंच असेल तर दुकानदार सहसा बदलून देतो, आजच विचारून बघा.